इंग्रजीचा सराव चिनी मुले कशी करतात आणि आमच्या वहीत ते कसे आले
(अकरावी-बारावीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी माहितीपत्रक)

आमची सराववही चाळून झाली की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. यात शब्दार्थांची यादी कुठे आहे? व्याकरणाचे नियम कुठे आहेत? नुसते उतारे आणि रिकाम्या जागा कशासाठी? हे पत्रक त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी छापले आहे.

वहीची मांडणी आम्ही चीनमधल्या उच्च माध्यमिक शाळांतल्या सरावावर बेतली आहे. उतारे आमचे स्वतःचे आहेत, साचा तिकडचा आहे. चीनच निवडण्याचे कारण साधे आहे. तिथल्या बहुतेक मुलांच्या घरात, बाजारात, बसमध्ये इंग्रजी कानावर पडत नाही. इंग्रजीशी गाठ पडते ती वर्गात आणि कागदावर. आपल्याकडे मराठी माध्यमातून अकरावीला आलेल्या मुलांची अवस्था याच्याशी बरीच जुळते, आणि ‘रोज इंग्रजी बोला, आपोआप येईल’ हा सल्ला अशा मुलांच्या फारसा कामाचा नसतो.

तिथला पेपर

चीनमध्ये बारावीनंतर विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा होते. तिला गाओकाओ म्हणतात. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ती बंद पडली होती, १९७७ साली पुन्हा सुरू झाली. दरवर्षी ७ जूनला तिला सुरुवात होते, आणि २०२४ साली १ कोटी ३४ लाखांहून अधिक मुलांनी तिच्यासाठी नाव नोंदवले होते. चिनी भाषा आणि गणिताइतकेच, म्हणजे १५० गुण परकीय भाषेला असतात. जपानी, रशियन असे पर्याय आहेत, पण बहुसंख्य मुले इंग्रजीच घेतात.

नव्या राष्ट्रीय पेपरचा आराखडा पाहिला की तिथल्या अभ्यासाची दिशा कळते. दोन तासांच्या पेपरात ऐकण्याला ३०, वाचनाला ५०, भाषेच्या वापराला ३० आणि लेखनाला ४० गुण. आपल्या ‘डू ॲज डायरेक्टेड’सारखी सुटी वाक्ये त्यात नाहीत. शब्द असो की व्याकरण, सगळे उताऱ्याच्या पोटातच विचारले जाते. आमच्या मते ही त्या पेपरची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

शब्द

तिथल्या २०१७ च्या अभ्यासक्रमानुसार (२०२० साली त्यात सुधारणा झाली) गाओकाओ देणाऱ्या मुलाला ३००० ते ३२०० शब्द यावे लागतात. तिथेही शब्दांच्या जाड पुस्तिका विकल्या जातात. अकारविल्हे याद्यांची सुरुवात बऱ्याचदा ‘अबॅन्डन’ या शब्दाने होते, आणि पहिले पान पाठ, पुढचे कोरे, हा अनुभव तिथल्या मुलांनाही पुरेपूर आहे.

चांगले शिक्षक म्हणूनच यादीवर थांबत नाहीत. ओळखीच्या शब्दाचा अनोळखी अर्थ ते मुद्दाम शोधायला लावतात. ‘ॲड्रेस’ म्हणजे पत्ता हे पाचवीतल्या मुलालाही माहीत असते. पण ‘ॲड्रेस द प्रॉब्लेम’ आले की तोच मुलगा अडखळतो, आणि शब्द ‘येत असल्यामुळे’ कोश उघडत नाही. परीक्षेत जास्त नुकसान अशाच शब्दांनी होते. वहीत असे शब्द आम्ही ठळक छापले आहेत. प्रत्येक शब्द निदान तीन वेगवेगळ्या उताऱ्यांत पुन्हा भेटतो, मागे कुठे भेटला होता तो पान क्रमांक समासात दिला आहे.

व्याकरण: एक नमुना उलगडून

गाओकाओमध्ये व्याकरणासाठी एक उतारा असतो. त्यात दहा जागा रिकाम्या, प्रत्येकीला दीड गुण. बहुतेक जागांपुढे कंसात मूळ शब्द दिलेला असतो, त्याचे योग्य रूप लिहायचे. काही जागांना कसलाच आधार नसतो. आमच्या वहीतला हा एक नमुना पाहा. (पत्रकात इंग्रजी देवनागरीत दिले आहे, वहीत अर्थातच रोमन लिपीत आहे.)

‘द ओल्ड मॅन ____ (सिट) बाय द गेट वॉज रीडिंग ____ लेटर ____ (राइट) बाय हिज डॉटर.’

घाईत मूल पहिल्या जागी ‘सॅट’ लिहिते, कारण गोष्ट भूतकाळातली आहे. इथे चिनी शिक्षक आधी एकच प्रश्न विचारतात: या वाक्याचे मुख्य क्रियापद कोणते? ते आधीच हजर आहे, ‘वॉज रीडिंग’. जोडणारा शब्द नसताना दुसरे मुख्य क्रियापद त्या वाक्यात मावत नाही, म्हणून ‘सिटिंग’. तिसऱ्या जागी विचार आणखी एक पाऊल पुढे जातो. पत्र स्वतः लिहीत नाही, ते लिहिले जाते, म्हणून ‘रिटन’. मधल्या जागी ‘अ’, कारण या पत्राचा उल्लेख पहिल्यांदाच येतो आहे.

मराठी मुलाला इथे चिनी मुलापेक्षा सोपे जायला हवे. चिनी भाषेत क्रियापदाचे रूप काळानुसार बदलत नाही. आपण मात्र ‘दाराशी बसलेला म्हातारा मुलीने लिहिलेले पत्र वाचत होता’ असे सहज बोलतो. ‘बसलेला’ आणि ‘लिहिलेले’ ही धातुसाधिते आपण शाळेत शिकलेली आहेत. वहीत अशा जागांखाली मराठी वाक्य दिले आहे, ते झाकून ठेवा आणि अडले तरच उघडा.

काही चुका मात्र दोघांच्या अगदी सारख्या आहेत. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ हा प्रकार चिनीत नाही, मराठीतही नाही. दुसरी चूक जोडशब्दांची. चिनीत ‘जरी’ आणि ‘पण’ यांची जोडी वाक्यात एकत्र येते, आपल्याकडे ‘जरी-तरी’ची. त्यामुळे ‘दो ही वॉज इल, बट ही केम’ असे वाक्य नागपूरच्या आणि नानजिंगच्या वहीत सारखेच सापडते. इंग्रजीला दोनपैकी एकच शब्द पुरतो. यावर वहीत वेगळा भाग आहे आणि तो वगळू नये असा आमचा आग्रह आहे.

गाळलेले शब्द आणि गाळलेली वाक्ये

दुसऱ्या प्रकारच्या उताऱ्यात पंधरा शब्द गाळलेले असतात आणि प्रत्येकाला चार पर्याय. बँकांच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांना ‘क्लोज टेस्ट’ माहीत असेल, तीच ही. चारही पर्याय व्याकरणाने बसतील असे निवडलेले असतात, त्यामुळे व्याकरणाचा आधार इथे मिळत नाही, अर्थच धरावा लागतो.

‘शी लुक्ड ॲट द क्लॉक अगेन. द लास्ट बस हॅड ____.’ पर्याय: अराइव्ड, लेफ्ट, स्टॉप्ड, टर्न्ड. इथपर्यंत वाचून ठामपणे काही सांगता येत नाही. पुढचे वाक्य आहे: ‘देअर वॉज नथिंग टु डू बट वॉक होम.’ चालत जाण्यावाचून गत्यंतर नव्हते, म्हणजे बस निघून गेली होती. उत्तर ‘लेफ्ट’. अशा उताऱ्याचे पहिले वाक्य सहसा अखंड ठेवतात, ते सावकाश वाचावे. मग पेन खाली ठेवून सगळा उतारा एकदा वाचावा आणि नंतरच पर्यायांकडे वळावे.

आणखी एका प्रकारात उताऱ्यातून पाच वाक्ये काढलेली असतात आणि खाली सात दिलेली असतात. दोन उगाच घातलेली. इथे ‘दिस’, ‘दे’, ‘हाउएव्हर’ असे छोटे शब्द वाट दाखवतात.

लेखनातला एक प्रकार आम्हाला फार आवडला, म्हणून तो वहीच्या शेवटच्या भागात घेतला आहे. अर्धवट गोष्ट वाचायची आणि पुढचे दोन परिच्छेद आपण लिहायचे, प्रत्येकाचे पहिले वाक्य छापलेले असते. झेजियांग प्रांताने २०१६ साली हा प्रश्न गाओकाओत आणला. नव्या राष्ट्रीय पेपरात आता त्याला २५ गुण आहेत. पाठ केलेला निबंध इथे चालत नाही. समोरच्या गोष्टीतलीच माणसे, तिचीच भाषा घेऊन पुढे जावे लागते, त्यामुळे वाचन मनापासून होते.

चुकांची वही

चिनी मुलांकडून एकच सवय घ्यायची झाली तर ही घ्या. तिथे जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याकडे ‘चुकलेल्या प्रश्नांची वही’ असते. चुकलेला प्रश्न उतरवून घ्यायचा, आपण काय लिहिले होते ते, बरोबर काय ते, आणि का चुकले ते एका ओळीत. ‘लक्ष नव्हते’ हे कारण मान्य नाही. ‘मुख्य क्रियापद पाहिले नाही’, ‘पुढचे वाक्य वाचले नाही’ असे नेमके हवे. सराववहीसोबत अशी कोरी वही आम्ही देतो, तिची वेगळी किंमत नाही.

काय घेतले नाही

तिथल्या अनेक शाळांत सकाळचे मोठ्याने वाचन आणि रात्रीचा स्वाध्याय धरून दिवस फार लांब होतो. शेवटचे वर्ष तर बहुतांशी उजळणीतच जाते. त्या ताणाचे अनुकरण आम्ही सुचवत नाही. दिवसाला एक उतारा, अर्धा तास, आणि चुकांच्या वहीची दहा मिनिटे एवढे पुरे. सकाळी मोठ्याने वाचणे मात्र जरूर करावे, कालचाच उतारा वाचावा.

ही वही बोर्डाच्या पेपरची नक्कल नाही. युवकभारतीचे धडे, त्यांची प्रश्नोत्तरे यात मिळणार नाहीत. परीक्षा महिन्यावर आली असेल तर आत्ता वही घेऊ नका, बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. अकरावीच्या सुरुवातीला घेतली तर सर्वांत जास्त उपयोग होतो.

उत्तरे वेगळ्या पुस्तिकेत आहेत आणि प्रत्येक उत्तराखाली कारण मराठीत दिले आहे. पुस्तिका पालकांनी आपल्याजवळ ठेवावी. स्वतःला इंग्रजी येत नसले तरी तपासता येईल अशीच ती लिहिली आहे. विक्रेत्याकडे एक उघडी प्रत ठेवलेली असते. मुलाला तिथेच पहिला उतारा सोडवू द्या. त्याला पंधरापैकी बारा शब्द सहज आले तर पहिला भाग सोडून थेट दुसरा घ्या.