तीन पट्ट्यांची परतफेरी : लिव्हरपूलच्या जर्सीवरील वादाची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबने १ ऑगस्ट २०२५ पासून नाइकीऐवजी अ‍ॅडिडासची जर्सी स्वीकारली आणि ठाणे-नवी मुंबईतील चाहत्यांना वादाला विषय मिळाला. अ‍ॅडिडासची खूण असलेले खांद्यावरचे तीन पट्टे परत आले म्हणून एक गट खूश आहे. नाइकीच्याच जर्सीत २०२४-२५ मध्ये विसावे लीग विजेतेपद मिळालेले असताना बदलायचे कारण काय, असा दुसऱ्याचा सवाल आहे. तिसरा गट फक्त किंमत विचारतो. क्लबने कपडे कोणाकडून शिवून घ्यावेत यात प्रेक्षकाने लक्ष घालण्याची ही रीत मात्र फार जुनी नाही. ती जेमतेम पन्नास वर्षांची आहे.

त्याआधी क्लबची जर्सी हा खेळाडूंचा गणवेश होता, दुकानातला माल नव्हता. ही स्थिती बदलली ती इंग्लंडमधील लेस्टरजवळच्या विगस्टन येथील अ‍ॅडमिरल या कंपनीमुळे. मुळात अंतर्वस्त्रे बनवणाऱ्या या कंपनीने १९७३ मध्ये लीड्स युनायटेड या क्लबशी आणि १९७४ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाशी करार केला. साधा पांढरा सदरा कोणीही शिवून विकू शकतो, त्यावर कोणाचा हक्क सांगता येत नाही. म्हणून अ‍ॅडमिरलने बाह्यांवर पट्ट्या, कॉलरला रंग आणि छातीवर आपले चिन्ह आणले, जेणेकरून ते डिझाइन कंपनीच्या मालकीचे राहील आणि तसाच सदरा लहान मुलांच्या मापात विकता येईल. मुले हट्ट करू लागली, पालक किमतीवरून कुरकुरू लागले, आणि ती कुरकुर आजतागायत थांबलेली नाही. अ‍ॅडमिरल १९८२ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण तिने पाडलेला पायंडा राहिला.

लिव्हरपूलने १९८५ मध्ये अम्ब्रो सोडून अ‍ॅडिडास घेतली आणि पहिल्याच मोसमात लीग व एफए कप (इंग्लंडमधील बाद पद्धतीची स्पर्धा) असे दोन्ही जिंकले. तीन पट्ट्यांभोवतीचे वलय मुख्यतः त्या काळातले आहे. १९९६ मध्ये रीबॉक आली. २००५ चा इस्तंबूलचा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना रीबॉकच्याच जर्सीत जिंकला गेला, ही गोष्ट पट्ट्यांचे भक्त सहसा सांगत नाहीत. २००६ ते २०१२ पुन्हा अ‍ॅडिडास, मग वॉरियर, २०१५ पासून न्यू बॅलन्स आणि २०२० पासून नाइकी. आपल्याकडे आज तिशी-पस्तिशीत असलेले चाहते केबलवर सामने पाहू लागले ते जेरार्ड आणि टोरेस या खेळाडूंच्या दिवसांत, त्यामुळे त्यांची ओढ १९८५ ची नसून २००७ ची आहे. त्या सहा वर्षांत हाती लागलेला मोठा करंडक म्हणजे २०१२ चा लीग कप (लीग विजेतेपदाहून वेगळी, बाद पद्धतीची स्पर्धा) तेवढा एक. आठवणींना करंडक मोजायची सवय नसते, हे मान्य करूनही हा विरोधाभास नोंदवावासा वाटतो.

पुरवठादार बदलताना नेमके काय तोलले जाते, हे एरवी बंद दाराआड राहते. २०१९ मध्ये ते लंडनच्या न्यायालयात उघड झाले. न्यू बॅलन्सच्या करारात, दुसऱ्या कंपनीने दिलेल्या प्रस्तावाची बरोबरी केल्यास करार न्यू बॅलन्सकडेच राहील, अशी तरतूद होती. नाइकीचा प्रस्ताव होता क्लबला वर्षाला ३ कोटी पौंड आणि निव्वळ विक्रीवर २० टक्के वाटा. शिवाय जगभरात किमान ६,००० दुकानांतून विक्री आणि बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स, टेनिसपटू सेरेना विल्यम्स, रॅप गायक ड्रेक यांच्या तोडीच्या व्यक्तींकडून प्रसिद्धी. ठोक रकमेच्या दृष्टीने हा प्रस्ताव फारसा भव्य नव्हता, सगळी मदार विक्रीवर होती. न्यू बॅलन्सने आपण बरोबरी केली असे सांगितले, पण त्या तोडीच्या व्यक्तींचे कलम तिच्या प्रस्तावात नव्हते, आणि न्यायालयाने २५ ऑक्टोबर २०१९ रोजी क्लबच्या बाजूने निकाल दिला. पुढे महामारीने वेळापत्रक असे विस्कटले, की तीस वर्षांनी मिळालेला लीग करंडक २२ जुलै २०२० रोजी खेळाडूंनी उचलला तो निरोप घेत असलेल्या न्यू बॅलन्सच्याच जर्सीत.

विक्रीवरचा वाटा हे कलम एकदा लक्षात घेतले की ठाण्यातला खरेदीदारही या हिशेबात येतो. अर्थात त्याने अस्सल जर्सी घेतली तरच. स्टेशनबाहेरच्या गाड्यांवर आणि मोबाइलवरून येणाऱ्या ऑर्डरींत चालतो तो ‘फर्स्ट कॉपी’चा माल, आणि त्यातला एक पैसाही क्लबपर्यंत पोहोचत नाही. तिथेही ‘फॅन व्हर्जन’ आणि ‘प्लेयर व्हर्जन’ असे दोन भाव असतात : पहिल्यात चिन्ह सहसा धाग्याने भरलेले असते, दुसऱ्यात ते उष्णतेने चिकटवलेले असते आणि पाच-सहा धुण्यांनंतर त्याची कड सुटू लागते. नव्या मोसमाची जर्सी अधिकृत दुकानांत येण्याआधीच या गाड्यांवर लटकलेली दिसते, हाही नेहमीचाच अनुभव.

भारतीय फुटबॉल संघाच्या जर्सीवर मात्र अशी चर्चा क्वचितच झाली. नाइकीनंतर २०१८ च्या अखेरीस सिक्सफाइव्हसिक्स ही देशी कंपनी आली, तिच्या जर्सीत भारताने जानेवारी २०१९ मध्ये आशियाई कप स्पर्धेत थायलंडला ४-१ असे हरवले, आणि २०२३ मध्ये परफॉरमॅक्सने तिची जागा घेतली. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचे पहिले दोन मोसम पाहिलेल्या प्रेक्षकांपैकी किती जणांना हा क्रम सांगता येईल, याची शंकाच आहे. लिव्हरपूलचे सहा पुरवठादार मात्र त्यांतल्या अनेकांना तोंडपाठ असतात.