मासळीच्या खाद्यात अळीची भुकटी : कोणाला द्यायची, किती द्यायची

(आमच्याकडून पोतं नेणाऱ्या आणि नेण्याआधी विचार करणाऱ्या मत्स्यपालकांसाठी)

पहिल्यांदा येणारे बहुतेक जण आधी हेच विचारतात, "ही मक्यावरची लष्करी अळी का?" नाही. लष्करी अळी पतंगाची असते आणि ती उभं पीक खाते. आमची अळी ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीची. नावातल्या 'सोल्जर'मुळे घोटाळा होतो, एवढंच. ही पिकाला तोंड लावत नाही, कुजायला लागलेलं खाते. मोठी माशी चावत नाही की ताटावर येऊन बसत नाही. तिचं आयुष्य जेमतेम आठवडाभराचं. तेवढ्यात ती उजेडात जोडीदार शोधते, शेकड्यांनी अंडी घालते आणि मरते. या अळ्या दाटीने असतात तिथे घरमाशी अंडी घालायचं टाळते, म्हणून आमच्या शेडशेजारी घरमाश्यांचा त्रास वाढत नाही.

अंड्यातून अळी साधारण चार दिवसांत बाहेर पडते आणि दोन-तीन आठवडे नुसती खात राहते. पुढे ती काळी पडते आणि खाणं सोडून कोरड्या जागेकडे सरकू लागते. आम्ही त्याआधीच, पांढरट असतानाच तिला चाळून काढतो, कारण काळ्या अळीची कातडी जाड असते आणि माशाला ती नीट पचत नाही. मग उकळत्या पाण्याची धार, वाळवण, घाण्यावर तेल काढणं आणि दळण. हातात येते ती तपकिरी भुकटी. तिला भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास येतो.

अळीला आम्ही काय घालतो

हा प्रश्न अळीची भुकटी विकणाऱ्या प्रत्येकाला विचारा, आम्हालाही. युरोपीय संघाने १ जुलै २०१७ पासून सात जातींच्या कीटकांचं प्रथिन मत्स्यखाद्यात चालेल असं ठरवलं, पण त्या कीटकांना शेण-मैला आणि हॉटेलातलं उष्टं घालायला मनाई ठेवली. तीच अट आम्ही स्वतःला लावून घेतली आहे. आमच्या अळ्या मार्केट यार्डातली उरलेली भाजी-फळं आणि डाळमिलची चुनी खातात. सांडपाण्यावर पिकवलेला भाजीपाला आम्ही घेत नाही. ही अळी कॅडमियमसारखा जड धातू अंगात साठवते. तो भुकटीतून माशात आणि माशातून आपल्या घरात यायला वेळ लागत नाही.

फिशमील असताना हे कशाला

फिशमील म्हणजे मासळी वाळवून केलेली भुकटी. ते बनतं तारलीसारख्या लहान मासळीपासून आणि जाळ्यात आलेल्या बारीकसारीक मासळीपासून. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत रोहू, कटला, मृगळ यांचं बीज तयार होतं. टाकीत मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, वाढत असतात आणि चांगलं फिशमील मिळत नाही. जे मिळतं त्यात कधी वाळू असते, कधी मीठ. दुसरं कारण आम्हाला मनापासून पटतं : तारली गरिबाच्या ताटातली मासळी आहे, ती तिथेच जावी.

पोत्यावरचा आकडा कसा वाचायचा

खरी मेख इथे आहे, म्हणून हे सावकाश वाचा.

प्रयोगशाळा प्रथिन थेट मोजत नाही. ती नत्र मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. अळीच्या कातडीत कायटिन, म्हणजे तिला कडकपणा देणारं द्रव्य, असतं आणि त्यातही नत्र असतो. ते प्रथिन नाही, तरी हिशेबात प्रथिन म्हणून धरलं जातं. नेदरलँडमधल्या वाखेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की या अळीसाठी ६.२५ ऐवजी ४.७६ ने गुणणं योग्य.

आमच्या तेल काढलेल्या भुकटीच्या पोत्यावर ५५ टक्के लिहिलेलं असतं. ४.७६ ने हिशेब केला तर खरं प्रथिन भरतं ४२ टक्क्यांच्या आसपास. आता समजा, तुमच्या १०० किलो मिश्रणात ६० टक्क्यांचं १० किलो फिशमील आहे, म्हणजे ६ किलो प्रथिन. ते भरून काढायला आमची भुकटी १० किलो नाही, १४ किलो लागेल. कोणी "किलोला किलो बदला" म्हणाला तर ऐकू नका. वाढ मंदावते आणि दोष मत्स्यबीजावर येतो.

२०१९ मध्ये नॉर्वेतल्या सामन माशांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात फिशमील पूर्ण काढून ही अळी दिली आणि वाढीत फरक पडला नाही. "शंभर टक्के बदल" म्हणून तो फार सांगितला जातो. पण त्या खाद्यात अळीची भुकटी होती साधारण १५ टक्केच. बाकी ८५ टक्के दुसऱ्याच गोष्टी होत्या.

आणखी दोन उणिवा. अळीत मेथिओनिन हे अमिनो आम्ल फिशमीलपेक्षा कमी असतं. सोयापेंडीतही ते कमीच, त्यामुळे फिशमील काढून नुसतं सोया आणि अळी असं खाद्य केलंत तर मेथिओनिन वेगळं घालावं लागेल. आणि समुद्री मासळीच्या तेलातलं ओमेगा-३ अळीत जवळजवळ नसतं.

कोणत्या माशाला

मरळ असेल तर जरूर वापरा. मांसाहारी मासा, भरपूर प्रथिन मागतो आणि बाजारात भाव चांगला, त्यामुळे खर्च निघतो. आमची अख्खी वाळवलेली अळी पाण्यावर तरंगते आणि मरळ खालून येऊन ती टिपते. मिश्रणात १५ टक्क्यांपर्यंत भुकटी घाला.

उजनीच्या पिंजऱ्यांतल्या आणि शेततळ्यांतल्या तिलापियाला, म्हणजे आपल्या चिलापीला, ८ ते १० टक्के पुरे.

रोहू, कटला, मृगळ यांच्या बोटुकलीपर्यंतच, म्हणजे पिल्लू बोटाएवढं होईपर्यंतच वापरा, तेही ५ टक्क्यांच्या आसपास. या माशांना वेगळं जठर नसतं, तोंडातून खाद्य सरळ आतड्यात जातं. म्हणून आम्ही प्रमाण कमी ठेवतो. किलोभराच्या विक्रीच्या कटल्याला आमची भुकटी घालू नका. त्याला शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा परवडतो आणि पुरतो. आमच्या भुकटीतलं प्रथिन सोयापेंडीपेक्षा महाग पडतं, हे पैसे देण्याआधी तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

थाई मांगूर या माशासाठी आम्ही माल देत नाही. तो पाळायला देशात बंदी आहे.

कसं घालायचं

कोरडी भुकटी पाण्यावर उधळू नका. निम्मी वाया जाते आणि टाकीत अमोनिया वाढतो. बायोफ्लॉकवाल्यांनी, म्हणजे पाणी फारसं न बदलता टाकीत मासे वाढवणाऱ्यांनी, तर मुळीच नाही. पेंड-कोंड्यात मिसळा, मैद्याची खळ घालून मळा, वाफवा आणि गोळे ताटलीत ठेवून पाण्यात सोडा. दोन तासांनी ताटली वर काढा. उरलं असेल तर उद्या कमी घाला. नवं खाद्य एकदम सुरू करू नका. आठवडाभर जुन्यात थोडं थोडं वाढवत न्या, कारण मासा वास ओळखून खातो.

पोतं ठेवताना

सुरुवातीच्या एका पावसाळ्यात आमचा एका खेपेचा माल नीट वाळला नव्हता. पोती गेली आणि दहा-बारा दिवसांत ग्राहकाचा फोन आला की आत बुरशीचं जाळं आहे. सगळी पोती परत आणली, पैसे दिले आणि तेव्हापासून ओलावा १० टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय एकही पोतं शिवलं नाही. आमच्याकडून कोरडं गेलं तरी तुमच्या शेडमध्ये ओल लागू शकते. पोतं लाकडी फळीवर ठेवा, भिंतीला टेकवू नका. उघडल्यावर महिन्यात संपवा. खवट वास आला, गोळे झाले किंवा हिरवट डाग दिसला तर चाळून वापरू नका, आम्हाला कळवा. बुरशीचं विष चाळणीने जात नाही.

गिऱ्हाईक "मासा अळ्या खातो का हो?" असं विचारतं, हे तुमच्यापैकी बरेच जण सांगतात. खरं ते सांगा. ओढ्यातला मासा जन्मभर किडे आणि डासांच्या अळ्याच खात आला आहे. आपली अळी निदान काय खाऊन वाढली ते आपल्याला माहीत आहे.

एक अडचण आमच्या बाजूची. थंडीत माश्या जोडी कमी जमवतात, अळीही हळू वाढते आणि डिसेंबर-जानेवारीत आमचा माल निम्म्यावर येतो. हिवाळ्यात मरळीच्या टाक्या चालू ठेवणार असाल तर किती पोती लागतील ते दिवाळीच्या आधी सांगून ठेवा.