रिअलाइज्ड की अनरिअलाइज्ड? घोळ मार्चमध्ये नाही, एप्रिलमध्ये होतो

निर्यातदारांच्या वह्या तपासायला घेतल्या की दरवर्षी तोच घोळ समोर येतो. बिल परकी चलनात, वह्या रुपयांत, दर हलला की फॉरेक्स गेन किंवा लॉस. पैसे आल्यावरचा फरक रिअलाइज्ड. इथवर सगळ्यांना येतं. घोडं अडतं ते अनरिअलाइज्डपाशी, म्हणजे पैसे यायच्या आधीच दर हलल्याने पडलेल्या फरकापाशी.

समजा, फेब्रुवारीत नाशिकहून नेदरलँड्सला द्राक्षं गेली. बिल १०,००० युरो, दर ९० रुपये, येणं ९,००,०००. ३१ मार्चला दर ९१.५०. पैसे यायचेत, तरी एएस ११ (परकी चलनातल्या व्यवहारांचं अकाउंटिंग स्टँडर्ड) प्रमाणे येणं ९,१५,००० दाखवायचं आणि १५,००० चा गेन याच वर्षी नफा-तोट्यात घ्यायचा. 'पैसे आले नाहीत, तर नफा कसला?' म्हणून तो ताळेबंदात ढकलू नका.

एप्रिलमध्ये ९१.२० च्या दराने ९,१२,००० आले. आता अकाउंटंट मूळ बिल काढतो, ९० शी ताडून बघतो आणि १२,००० गेनची जर्नल (फरकाची नोंद) मारतो. चूक! नवं वर्ष ९१.५० वरून सुरू झालंय. यंदा ३,००० चा लॉस आहे. मार्चची जर्नल १ एप्रिलला उलटवली असेल तरच ते १२,००० बरोबर, कारण १५,००० आधीच वजा झालेत. दोन्ही रीती चालतात. मी उलटवायच्या भानगडीत पडत नाही, कारण ती नोंद हमखास राहून जाते.

ती राहिली आणि वर १२,००० ची जर्नल मारली, की पार्टीच्या (गिऱ्हाइकाच्या) खात्यात युरो शून्य आणि रुपयांत १५,००० येणं उभं. एका ठिकाणी तर ते बुडीत खात्यात टाकलेलं पाहिलं. बेरीज जुळली खरी, पण पै न पै चुकती करणारं गिऱ्हाईक फुकट बुडवं ठरलं.

आणि टॅली या अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या ताळेबंदातली 'अनॲडजस्टेड फॉरेक्स गेन/लॉस' ही ओळ म्हणजे अनरिअलाइज्ड नव्हे, कृपा करा! फरकाची जर्नल मारायची राहिलीय, एवढंच ती सांगते. रिअलाइज्ड फरकही तिथेच लोंबकळत असतो.

बाकी किरकोळ. बँकेने कापलेले चार्जेस वेगळ्या खात्यात घाला, ते फॉरेक्स लॉस नाहीत. मालापोटी आलेला ॲडव्हान्स ३१ मार्चला नव्या दराने मांडू नका. तो माल देऊन फिटणार आहे, युरो देऊन नाही.