स्पीच-टू-स्पीच की हिअरिंग कॅरी ओव्हर? ७११ लावण्याआधी

पक्षाघात, पार्किन्सन किंवा एएलएसमुळे (स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवणारा आजार) बोलणं जड झालं की पहिली अडचण फोनची होते. समोरासमोर ओठांची हालचाल आणि हातवारे मदतीला असतात. फोनवर नुसता आवाज, आणि पलीकडचा अनोळखी माणूस दोनदा ‘सॉरी?’ म्हणून फोन ठेवून देतो. अमेरिकेत यासाठी ७११ लावला की रिले सेवा मिळते, म्हणजे तुमचं म्हणणं पलीकडे पोहोचवणारा एक सहायक मध्ये बसतो, फुकट आणि चोवीस तास. पण सेवेच्या यादीत स्पीच-टू-स्पीच आणि हिअरिंग कॅरी ओव्हर असे दोन पर्याय एकाखाली एक दिसतात. दोन्ही ‘स्वतःला ऐकू येतं, पण आपलं बोलणं दुसऱ्याला कळत नाही’ अशांसाठीच. त्यामुळे घरची मंडळी हाताला लागेल तो निवडतात आणि आठवड्याभरात कंटाळून सोडून देतात.

फरक एवढाच, की मधल्या सहायकाला तुम्ही काय देता. स्पीच-टू-स्पीचमध्ये (पुढे एसटीएस) तुम्ही आवाज देता: तुम्ही स्वतः बोलता आणि अस्पष्ट बोलणं समजण्याचं प्रशिक्षण घेतलेला सहायक तेच शब्द पलीकडच्याला स्पष्ट उच्चारात सांगतो. हिअरिंग कॅरी ओव्हरमध्ये (एचसीओ) तुम्ही टाइप करता आणि सहायक ते वाचून दाखवतो. पलीकडच्याचं बोलणं दोन्हीकडे तुम्ही स्वतःच ऐकता.

एसटीएसची कल्पना पुढे नेली ती स्वतः सेरेब्रल पाल्सी असलेल्या बॉब सेगलमन यांनी. १ मार्च २००१ पासून ही सेवा अमेरिकाभर देणं बंधनकारक झालं. वेगळं यंत्र लागत नाही, घरातला कुठलाही फोन चालतो. घशाला लावायचा इलेक्ट्रोलॅरिंक्स किंवा बोलून दाखवणारं उपकरण वापरणाऱ्यांनाही ती खुली आहे. ७११ वर साधा रिले सहायक आला तर ‘स्पीच टू स्पीच’ एवढंच सांगायचं. बऱ्याच राज्यांत एसटीएसचा थेट टोल-फ्री नंबरही असतो. तो फोनमध्ये साठवून ठेवला की ही पायरी वाचते.

खरं कौशल्य पहिल्या दोन मिनिटांत लागतं. कुणाला फोन करायचा, कशासाठी करायचा, हे पलीकडे घंटी वाजण्याआधीच सहायकाला सांगून ठेवा. विषय कळला की अस्पष्ट शब्दही ओळखू येतात. प्रत्येक वाक्य पुन्हा सांगायचं की अडेल तेवढंच, हेही तेव्हाच ठरवा. बोलताना तीन-चार शब्दांचा तुकडा, मग थांबा; सहायकाने तो म्हटला की पुढचा. लांबलचक वाक्य एका दमात म्हणायला गेलं की शेवटी श्वास संपतो, आणि औषधाचं नाव नेमकं तिथेच असतं. आकडे एकेक करून सांगा: ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत गोळ्यांचा डोस बदलतो. स्पीकरफोन बंद ठेवा, खोलीचा घुमारा बोलणं आणखी बिघडवतो.

मराठी घरांत अडतं ते नावांशी. ‘क्षीरसागर’ किंवा ‘ठोंबरे’ हे अमेरिकन सहायकाला स्पष्ट उच्चारातही नवं असतं, जडावलेल्या जिभेतून तर अशक्यच. तेव्हा आडनाव, डॉक्टरांचं नाव, औषधं आणि नेहमीचे नंबर सेवेकडच्या ग्राहक-नोंदीत आधीच लिहून ठेवायला सांगा. ही सोय असते, पण फारसं कुणी वापरत नाही.

एसटीएसचा सहायक कॉल सुरू झाल्यावर किमान २० मिनिटं सेवेला बदलता येत नाही (टाइप करून होणाऱ्या कॉलला ही मर्यादा १० मिनिटं आहे). कारण उघड आहे, कान बसायला वेळ लागतो. तुमची हरकत नसेल तर तो संभाषणाला थोडा हातभार लावू शकतो, मात्र लगाम तुमच्याच हाती राहिला पाहिजे. संभाषण बाहेर सांगायला त्याला बंदी आहे.

एचसीओची जुनी पद्धत टीटीवाय यंत्राची, म्हणजे फोन लाइनवरून टाइप केलेला मजकूर पाठवणाऱ्या कीबोर्डची. रिसीव्हर दोन रबरी वाट्यांत ठेवून टाइप करायचं, अक्षरं सुरांच्या रूपात जातात, साधारण सेकंदाला सहा. शेवटी ‘जीए’ टाइप करायचं, म्हणजे आता तुम्ही बोला. मग रिसीव्हर उचलून ऐकायचं आणि आपली पाळी आली की परत वाट्यांत. घाईने आधीच उचलला तर शेवटची अक्षरं तुटतात. इंटरनेटवरून चालणाऱ्या फोन लाइनवर त्याहून वाईट होतं: आवाज दाबून पाठवताना सूर बिघडतात. अक्षरं आणि आकडे यांना तेच संकेत वापरले जातात, त्यामुळे ‘आता आकडे’ असं सांगणारी मधली खूण हरवली की १२३ ऐवजी सहायकाच्या पडद्यावर क्यू-डब्ल्यू-ई उमटतं. म्हणून महत्त्वाचे आकडे अक्षरी टाइप करावेत. कॉल वेटिंगची टुणटुणही मजकूर खराब करते, ते आधी बंद करा.

आमच्या मते आज नवं टीटीवाय विकत घेऊ नये. स्मार्टफोनवर आरटीटी (कॉल चालू असतानाच टाइप करण्याची सोय) असतं: आयफोनमध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, मग आरटीटी. त्यात एकेक अक्षर टाइप होताच पोहोचतं आणि आवाजही सोबत चालू राहतो, रिसीव्हरची उचलठेव संपते.

निवड कशी करायची? दहा मिनिटं कान देऊन बसलेल्या परक्या माणसाला बोलण्यातलं बरंचसं कळत असेल तर एसटीएस. आवाज जवळपास गेलाय, पण बोटं चालतात, तर एचसीओ. एएलएसमध्ये हात की जीभ आधी जाईल ते माणसागणिक बदलतं, तेव्हा दोन्ही शिकून ठेवलेलं बरं. अफेजिया (मेंदूला इजा झाल्याने भाषाच अडणं) असेल तर गोष्ट वेगळी: तिथे उच्चार नव्हे, शब्दच सापडत नाहीत, त्यामुळे टाइप करूनही तीच अडचण येते. अशा वेळी आधी स्पीच थेरपिस्टला विचारा. आणि व्हॉइस कॅरी ओव्हर नावाचा तिसरा पर्याय दिसला तर तो घेऊ नका. तो नेमका उलटा आहे, बोलता येतं पण ऐकू येत नाही अशांसाठी.

पलीकडच्यांनी विक्रीचा फोन समजून ठेवून दिला, तर सहायकाला ‘रिलेची ओळख करून देऊ नका, थेट माझं वाक्य सांगा’ असं सांगता येतं. सेवा इंग्रजीत असते, काही ठिकाणी स्पॅनिशमध्येही. मराठीची अपेक्षा धरू नका. पुण्यातल्या मावशीशी बोलण्यापेक्षा फार्मसी, बँक, डॉक्टरची वेळ यांसाठी ती उपयोगी. आणीबाणीत मात्र रिले नको. थेट ९११ लावा: टीटीवायवर आलेला कॉल त्यांना घ्यावाच लागतो, आणि बऱ्याच भागांत ९११ ला मेसेजही पाठवता येतो. तुमच्या काउंटीत (जिल्ह्यात) तो चालतो का, हे आजच विचारून ठेवा.