राजाबाई टॉवर: कापसाचा पैसा आणि मराठी हात

'लंडनच्या बिग बेनची नक्कल' एवढ्यावरच राजाबाई टॉवरची, मुंबई विद्यापीठाच्या घड्याळाच्या मनोऱ्याची, ओळख संपवली जाते. ती अपुरी आहे. आराखडा इंग्रज वास्तुशिल्पी जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, हे खरं. पण ते मुंबईत कधी आलेच नाहीत. मनोरा उभा राहिला तो इथल्या पैशातून आणि इथल्या हातांनी.

पैसा कापसाचा. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईचा भाव आभाळाला भिडला. त्या तेजीचे बादशहा म्हणजे दलाल प्रेमचंद रायचंद. 1864 मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, त्याच वर्षी मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. अट एकच, मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं नाव द्यायचं. आईला दिसत नसे आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैन नेम तिला घंटेच्या ठोक्यावर पाळता यावा, म्हणून हे दान दिलं, असंही सांगतात. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, भाव कोसळले आणि प्रेमचंदांसह शेअर बाजारातले भलेभले बुडाले. दान आधीच दिलेलं होतं म्हणून टॉवर झाला! 1869 मध्ये पायाभरणी, 1878 मध्ये काम पूर्ण. उंची सुमारे 85 मीटर.

मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते वरचे 24 पुतळे. पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींची ही माणसं, आपापल्या पेहरावात. त्यांचे नमुने घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र या साहाय्यक अभियंत्यानं. गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपी शैलीच्या, मनोऱ्यावर संतांचे नाहीतर राजांचे पुतळे बसवायची युरोपची रीत. इथे बसली आपली साधी माणसं. स्कॉटचं नाव सगळे घेतात, मुकुंद रामचंद्रांचं मात्र क्वचितच कुणी घेतं, हे मनाला लागतं.

1891 मध्ये दोन पारशी तरुणी मनोऱ्यावरून पडून मरण पावल्या. त्या प्रकरणानं मुंबई हादरली, खटलाही चालला. पुढे आत्महत्यांमुळे वर जाण्याची वाट सर्वसामान्यांना बंद झाली. 2018 मध्ये हा परिसर जागतिक वारसा यादीत आला, तरी ही बंदी कायम आहे. म्हणून जाल तेव्हा दुर्बीण न्या. ओव्हल मैदानातून मनोरा मोकळा दिसतो. घड्याळ पाहून झालं की नजर आणखी वर, पुतळ्यांकडे जाऊ द्या.