पाइपाच्या तोंडाशी

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीचा पंप मागच्या पावसाळ्यात सारखा ट्रिप व्हायचा. कधी बटण दाबताक्षणी, कधी दहा मिनिटांनी. मोटर उतरवून तपासली, ती ठणठणीत निघाली. शेवटी वायरमनकाकांनी मेन बंद करून स्टार्टरखालच्या, वायरी ओवलेल्या लोखंडी कंड्युट पाइपाच्या तोंडात टॉर्च मारला. "या, हे बघा." लाल वायरीवर नख रुतल्यासारखी अर्धगोल चीर पडली होती आणि आतलं तांबं चमकत होतं. पाइपाच्या तोंडाला बुशच, म्हणजे कडेवर बसवायची गुळगुळीत ओठाची रिंगच, नव्हती.

हॅक्सॉने पाइप कापला की आतल्या कडेला बारीक, धारदार कंगोरे राहतात. विळीवर भाजी का चिरली जाते? हाताचा सगळा जोर धारेच्या एवढ्याशा रेषेवर एकवटतो म्हणून. इथेही तेच होतं. समजा, वायर १ किलो वजनाइतक्या जोराने कडेवर टेकली आहे. कंगोऱ्याला ती ०.३ चौरस मिलिमीटरभर टेकत असेल, तर दर चौरस मिलिमीटरवर ३ किलोहून जास्त भार येतो. गोल ओठाच्या बुशवर तीच वायर ९ चौरस मिलिमीटरभर टेकली, तर भार तीस पटींनी उतरतो. घरगुती वायरीचं पीव्हीसी आवरण असतं मिलिमीटरहूनही पातळ. त्याने किती सोसायचं?

त्यात पंपाच्या वायरीला स्वस्थता नाही. थेट स्टार्टरवर मोटर सुरू होताना नेहमीच्या साधारण ५ ते ७ पट करंट खेचते, धक्का बसतो आणि मग ती चालू असेपर्यंत पाइप थरथरत राहतो. वायर तापली की पीव्हीसी मऊ पडतं; साध्या पीव्हीसी वायरीची मर्यादाच ७० अंश सेल्सियस आहे. मऊ आवरण, धारदार कड आणि रोजची थरथर. चीर पडायला काही वर्षं लागतील, पण पडणार.

तांबं पाइपाला टेकल्यावर पुढे काय होणार, ते अर्थिंगवर ठरतं. अर्थिंग पक्कं असेल तर मोठा करंट जमिनीकडे धावतो आणि एमसीबी पडतो. आमचं नशीब इतकंच. अर्थिंग तुटलेलं असतं तर अख्खा पाइप २३० व्होल्टवर तसाच राहिला असता, ओल्या फरशीवर उभं राहून कुणी हात लावेपर्यंत. अशा वेळी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच पुरवठा तोडणारा स्विच, जीव वाचवू शकतो, म्हणून तोही हवाच.

काकांनी खराब वायर काढून टाकली, कानशीने आतली कड घासली, बुश फिरवून घट्ट बसवला आणि मगच नवी वायर ओवली. हा क्रम फार महत्त्वाचा. वायर जोडून झाल्यावर अखंड बुश आत सरकवता येत नाही, म्हणून घाईत तो राहून जातो. नुसती टेप गुंडाळून भागत नाही; उष्णतेने तिचा गोंद सुटतो.

त्याच दुपारी आम्ही मीटररूममधल्या पाइपांची तोंडंही तपासली. आणखी दोन बिनबुशांची निघाली.