कार्डिओ : जठराच्या तोंडापासून हृदयापर्यंत

एण्डोस्कोपीच्या रिपोर्टात ‘कार्डिया’ हा शब्द दिसला की घरचे घाबरतात. तपासणी पोटाची होती, मग हृदयाचं काय निघालं? निघालेलं काही नसतं. अन्ननलिका जठराला जिथे मिळते, त्या भागाचं नावच कार्डिया आहे, आणि ते फार जुनं आहे.

ग्रीक ‘कार्दिया’ म्हणजे हृदय, तसंच जठराचं वरचं तोंडही. इ.स.पू. ४३०च्या सुमारास अथेन्समध्ये भयंकर साथ आली. इतिहासकार थ्युसिडिडीस स्वतः त्या आजारातून उठला होता. तो लिहितो की रोग ‘कार्दिया’त उतरला की ती ढवळून निघे आणि पित्ताच्या उलट्या सुरू होत. इथे हृदय अभिप्रेत नाही, हे उघड आहे.

हा घोटाळा अडाणीपणाचा नव्हे. अन्ननलिका हृदयाच्या पाठीमागूनच खाली उतरते, आणि दोन्हींच्या वेदना वाहून नेणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात जवळपास एकाच पातळीवर शिरतात. दुखतंय नेमकं कुठे, हे मेंदूला धड उमगत नाही. म्हणून तर छातीतली जळजळ ॲसिडिटीची की हार्ट ॲटॅकची, हे अनुभवी डॉक्टरही नुसत्या वर्णनावरून ठरवत नाहीत, आधी ईसीजी काढायला लावतात.

आपल्या ‘काळीज’ शब्दानेही अशीच जागा बदलली आहे. संस्कृतात ‘कालेय’ म्हणजे यकृत. खाटकाकडे मिळणारी कलेजी आजही यकृतच असते. मराठीत मात्र काळीज धडधडतं, काळजाचा ठोका चुकतो, काळजाचं पाणी होतं. यकृतावरून शब्द निघाला आणि छातीत येऊन बसला.

भाषाशास्त्रज्ञ ‘कार्दिया’, लॅटिन ‘कोर’, इंग्रजी ‘हार्ट’ आणि संस्कृत ‘हृद्’ यांना एकाच कुळातले मानतात. ‘हृद्’मधला ‘ह’ ध्वनिबदलाच्या नियमाला थोडा सोडून आहे. नियमाप्रमाणे संस्कृतात तिथे ‘श’ हवा, आणि तो ‘श्रद्धा’ या शब्दात सापडतो : ‘श्रद्’ म्हणजे हृदय, ‘धा’ म्हणजे ठेवणे. लॅटिनमधलं ‘क्रेदो’, म्हणजे ‘माझा विश्वास आहे’, हेही याच घडणीचं. फारसीतून आपल्याकडे आलेला ‘दिल’सुद्धा परका नाही. संस्कृत ‘हस्त’ला फारसीत ‘दस्त’, तसंच ‘हृद्’ला ‘दिल’. दिलदार माणूस आणि सहृदय माणूस मुळात एकाच शब्दावर उभे आहेत, याचा मला फार आनंद वाटतो.

‘हृद्रोग’ हा शब्द तर ऋग्वेदातच आहे. पहिल्या मंडलातल्या पन्नासाव्या सूक्तात सूर्याला विनवणी आहे की माझा हृद्रोग आणि हरिमा, म्हणजे अंगाचा पिवळेपणा, नाहीसा कर.

इथे एका लोकप्रिय दाव्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. बृहदारण्यक उपनिषदात ‘हृदय’ची तीन अक्षरं सोडवून दाखवली आहेत : हृ, द, यम्. त्यावरून ‘घेतं, देतं, फिरवतं’ असा अर्थ लावून रक्ताभिसरण आपल्याला तेव्हाच ठाऊक होतं, असे मेसेज फिरतात. मूळ मजकुरात रक्ताचा उल्लेखही नाही. जो हे जाणतो त्याच्यासाठी लोक आणतात, त्याला देतात आणि तो स्वर्गलोकी जातो, असं ते आहे. ती उपासना आहे आणि उपासना म्हणूनच ती सुंदर आहे. हृदय रक्त ढकलतं आणि तेच रक्त फिरून परत येतं, हे विल्यम हार्वे यांनी १६२८मध्ये प्रयोग आणि हिशेब मांडून दाखवलं.

पुढे वैद्यकाने ‘कार्डिओ’ हा जोडशब्दांचा साचाच केला. ‘टॅकी’ म्हणजे जलद, ‘ब्रॅडी’ म्हणजे मंद. म्हणून ठोके वाढले तर टॅकीकार्डिया, मंदावले तर ब्रॅडीकार्डिया. १८८७मध्ये लंडनला ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयाचा विद्युत आलेख, म्हणजेच ईसीजी, पहिल्यांदा टिपला. नंतर हॉलंडच्या आइंटहोवेन यांनी तो इतका अचूक केला की त्यांना १९२४चं नोबेल मिळालं. आलेखातल्या लाटांची पी, क्यू, आर, एस, टी ही नावं त्यांचीच. काही डॉक्टर ‘ईकेजी’ म्हणतात, त्यातला ‘के’ जर्मन स्पेलिंगमधून आलेला आहे.

अलीकडे व्यायामशाळेत हा उपसर्ग शेपटाविना चालतो. ट्रेडमिल, सायकल, दोरीच्या उड्या, म्हणजे ठोके वाढवून काही वेळ ते तसेच टिकवणारं काहीही केलं, की ‘कार्डिओ झालं’.